आठवणी प्राध्यापकांच्या, इतिहास कुणाचा?

जुन्या कॉलेजचा सुवर्णमहोत्सव किंवा शतकमहोत्सव आला की एक स्मरणिका निघते. गुळगुळीत कागद, जाड पुठ्ठा, सुरुवातीला मान्यवरांचे शुभेच्छासंदेश आणि मग निवृत्त प्राध्यापकांच्या आठवणी. सगळ्यांचा सूर एकच. आमच्या वेळी मुलं अभ्यासू होती, प्राचार्य वरून कडक पण आतून प्रेमळ होते, कँटीनच्या चहाची चव अजून जिभेवर आहे. हल्ली स्मरणिकेच्या जोडीला यूट्यूबवर मुलाखतींची मालिका असते, एवढाच फरक. संस्था कॅथलिक असेल तर आणखी एक पात्र हमखास येतं: पांढऱ्या झग्यातले, दूरच्या देशातून आलेले, मोडकंतोडकं मराठी बोलणारे आणि गरीब मुलांची फी गुपचूप भरणारे फादर.

असे फादर खरोखर होते, याबद्दल मला शंका नाही. चहाबद्दलही नाही. पण असल्या आठवणी एकामागून एक लावल्या की संस्थेचा इतिहास तयार होतो, हे मला मान्य नाही. त्यातून तयार होते ती संस्थेची जाहिरात. प्राध्यापकांच्या आठवणी हव्यातच, आणि लवकर हव्यात, कारण माणसं जातात. फक्त दोन अटी आहेत. त्या आठवणींना कुणीतरी अडचणीचे प्रश्न विचारले पाहिजेत. आणि ज्या खुर्चीवर प्राध्यापकांना बसवलं, त्याच खुर्चीवर झाडू मारणाऱ्या बाईंनाही बसवलं पाहिजे. या दोन अटी पाळल्या नाहीत की काय होतं, ते दोन कॅथलिक विद्यापीठांच्या इतिहासात लख्ख दिसतं. दोन्ही जेझुइटांची, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूंची. एक अमेरिकेतलं, दुसरं एल साल्वाडोरमधलं.

सगळ्यांना माहीत होतं

वॉशिंग्टनमधलं जॉर्जटाउन हे अमेरिकेतलं सगळ्यात जुनं कॅथलिक विद्यापीठ. स्थापना १७८९ ची. त्या काळी मेरीलँडमधल्या जेझुइटांच्या मालकीच्या मोठमोठ्या शेतजमिनी होत्या आणि त्या जमिनींवर राबणारी माणसंही त्यांच्या मालकीची होती. मालकीची म्हणजे अक्षरशः मालकीची, गुलाम. कॉलेजचा खर्च या जमिनींच्या उत्पन्नातून चालवायचा, अशी कल्पना होती. ते जमेना, कर्ज वाढत गेलं. शेवटी १८३८ मध्ये २७२ माणसं विकण्याचा करार झाला. किंमत १ लाख १५ हजार डॉलर. करार करणारे थॉमस मलेडी हे आदल्या वर्षापर्यंत जॉर्जटाउनचेच अध्यक्ष होते आणि आता मेरीलँडच्या जेझुइटांचे प्रमुख. घेणारे दोघे लुइझियानाचे, त्यातला एक तिथला माजी गव्हर्नर.

रोमहून विक्रीला परवानगी मिळाली ती अटींसह. कुटुंबं तोडायची नाहीत, माणसांना त्यांचा धर्म पाळता आला पाहिजे, आलेला पैसा कर्ज फेडायला वापरायचा नाही. प्रत्यक्षात कुटुंबं तुटली. पहिल्या हप्त्यातला मोठा हिस्सा कॉलेजच्या कर्जात गेला. मलेडींना रोमला बोलावून घेतलं गेलं, पद गेलं. पण काही वर्षांनी ते परत आले आणि १८४५ मध्ये पुन्हा जॉर्जटाउनचे अध्यक्ष झाले. पुढे कॅम्पसवरच्या एका इमारतीला त्यांचं नाव मिळालं. ते २०१५ पर्यंत टिकलं.

इथपर्यंतची गोष्ट बातम्यांतून पुष्कळांनी वाचली असेल. मला राग येतो तो तिच्या मधल्या भागाचा. ही विक्री कधीच गुपित नव्हती. कागद विद्यापीठातच होते. इतिहासाचे प्राध्यापक रॉबर्ट एमेट करन यांनी १९८३ मध्ये त्यावर सविस्तर निबंध लिहिला. विद्यापीठाच्या दोनशे वर्षांचा जो इतिहास १९९३ मध्ये छापून आला, त्याचा पहिला खंडही त्यांचाच. नव्वदच्या दशकात तिथल्याच अभ्यासकांनी या जमिनींची कागदपत्रं इंटरनेटवर टाकली. म्हणजे तुमच्यापैकी अनेकांच्या जन्माआधीपासून हे सगळं एका क्लिकवर होतं. प्राध्यापक वाचत होते, काही जण शिकवतही होते. आणि मुलं रोज मलेडींच्या नावाच्या इमारतीवरून वर्गात जात होती.

माहिती होती, तिची किंमत मात्र कुणाला मोजावी लागत नव्हती. तीस वर्षं ती अशीच पडून राहिली.

ती हलली कशाने? इमारतीची दुरुस्ती झाली, तिचं नाव पुन्हा चर्चेत आलं, विद्यार्थ्यांनी आपल्या वर्तमानपत्रात या विक्रीबद्दल लिहिलं, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये मुलं अध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर ठिय्या मारून बसली. काही दिवसांत मलेडींचं नाव गेलं. २०१७ मध्ये त्या इमारतीला आयझॅक हॉकिन्स हे नाव मिळालं. विकलेल्या माणसांच्या यादीतलं ते पहिलं नाव.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा तुकडा. जॉर्जटाउनचे एक माजी विद्यार्थी, रिचर्ड सेलिनी, यांनी तेव्हा एक साधा प्रश्न विचारला: त्या माणसांचं पुढे काय झालं? विद्यापीठाने या विषयासाठी नेमलेल्या कार्यगटातल्या एका सदस्याचं उत्तर आलं की ती सगळी लुइझियानाच्या दलदलीत तापाने लवकरच मेली. सेलिनींना ते पटलं नाही. एका जागेची दोनशे-अडीचशे माणसं मागे काहीच न ठेवता कशी संपतील? त्यांनी वंशावळीचे अभ्यासक गाठले, पैसे जमवले आणि शोध सुरू केला. वंशज सापडले. पन्नास-शंभर नव्हे, हजारोंनी. लुइझियानात मॅरिंग्वीन नावाचं एक छोटं गाव आहे, तिथे तर मोठ्या संख्येने तीच घराणी. विक्रीच्या वेळी तेरा-एक वर्षांचा असलेला कॉर्नेलियस हॉकिन्स त्याच गावच्या कॅथलिक दफनभूमीत पुरलेला सापडला. ज्या चर्चने विकलं, त्याच चर्चच्या मातीत. त्या घराण्यांतली बरीच माणसं आजही कॅथलिक आहेत.

विद्वानांच्या घरात ‘सगळी मेली’ ही आठवण सुखाने नांदत होती, कारण ती सोयीची होती. मेलेल्यांना उत्तर द्यावं लागत नाही. आणि मॅरिंग्वीनमध्ये माणसं जिवंत होती, रविवारी चर्चला जात होती, फोन उचलत होती. त्यांना कुणी फोन केला नव्हता, एवढंच.

यापुढचा भागही सरळ नाही. विद्यापीठाने आणि जेझुइटांनी माफी मागितली. प्रवेशात वंशजांना प्राधान्य मिळालं. विकलेल्या घराण्यातली एक स्त्री वयाच्या ६३ व्या वर्षी तिथे विद्यार्थिनी म्हणून दाखल झाली. २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनी मतदान घेऊन ठरवलं की प्रत्येकाने दर सत्राला २७ डॉलर २० सेंट जादा भरायचे आणि ते पैसे वंशजांसाठी वापरायचे. जवळजवळ दोन तृतीयांश मुलांनी होकार दिला. विद्यापीठाने मात्र ते शुल्क लावलं नाही. त्याऐवजी देणग्यांतून वर्षाला चार लाख डॉलर उभे करू, असं जाहीर केलं. रक्कम साधारण तेवढीच. पण शुल्क हे देणं असतं आणि देणगी हा उपकार. हा फरक आपल्याला अमेरिकनांपेक्षा लवकर कळेल.

खिडकीतून पाहणारी बाई

दुसरं विद्यापीठ सान साल्वाडोरमधलं, १९६५ मध्ये सुरू झालेलं. सगळे त्याला ‘ऊका’ म्हणतात. देशात यादवी युद्ध पेटलेलं होतं. ऊकाचे कुलगुरू इग्नासियो एयाकुरिया वाटाघाटींची बाजू मांडत होते. तिथले मानसशास्त्रज्ञ इग्नासियो मार्तीन-बारो लोकांची मतं मोजत होते, समाजशास्त्रज्ञ सेगुन्दो मोन्तेस विस्थापितांचा आणि मानवी हक्कांचा अभ्यास करत होते. सरकारला आणि लष्कराला हे सगळं खुपत होतं. १६ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे लष्कराच्या अत्लाकात्ल बटालियनचे सैनिक कॅम्पसमध्ये शिरले आणि त्यांनी सहा जेझुइटांना मारलं. त्याच घरात एल्बा रामोस ही स्वयंपाकीण आणि तिची किशोरवयीन मुलगी सेलिना होती. बाहेर गोळीबार चाललाय, कॅम्पस जास्त सुरक्षित, म्हणून त्या रात्री तिथे थांबल्या होत्या. साक्षीदार नको म्हणून त्यांनाही मारलं.

हे बंडखोरांनी केलं, असा देखावा सैनिकांनी तिथल्या तिथे रचला. सरकारही तेच सांगत राहिलं. ते खोटं आहे हे बोललं कोण? प्राध्यापक जिवंत नव्हते. त्याच घरात राहणारे धर्मशास्त्रज्ञ होन सोब्रिनो वाचले, कारण ते तेव्हा व्याख्यानांसाठी थायलंडमध्ये होते. बोलली ती लुसिया सेर्ना. विद्यापीठात साफसफाईचं काम करणारी बाई. लढाईमुळे घर सोडून नवरा आणि लहान मुलीसह ती त्या रात्री शेजारच्याच घरात आसऱ्याला आली होती. तिने खिडकीतून गणवेशातले सैनिक पाहिले आणि तसं सांगितलं.

मग तिला सुरक्षेच्या नावाखाली अमेरिकेत मायामीला नेण्यात आलं. तिथे एफबीआयने अनेक दिवस तिची चौकशी केली आणि त्या चौकशीत साल्वाडोरच्या लष्कराचा एक अधिकारीही हजर होता. ज्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायची, त्यांचाच माणूस समोर. दबावाखाली तिने साक्ष मागे घेतली, आणि सुटका झाल्यावर पुन्हा पहिलंच सांगितलं: मी पाहिलं. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने लष्कराच्या वरिष्ठांवरच ठपका ठेवला. लुसियाला मात्र स्वतःच्या देशात राहता आलं नाही. ती कॅलिफोर्नियात स्थायिक झाली. तिची हकीकत पुस्तकरूपाने आली ती २०१४ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी.

२०२० मध्ये स्पेनच्या न्यायालयाने साल्वाडोरचे माजी कर्नल इनोसेन्ते मोन्तानो यांना १३३ वर्षांची शिक्षा सुनावली. शिक्षा पाच खुनांसाठी, कारण मारल्या गेलेल्यांपैकी पाच धर्मगुरू स्पॅनिश होते आणि अमेरिकेने मोन्तानोंना तेवढ्याच गुन्ह्यांसाठी हवाली केलं होतं. सहावे धर्मगुरू, एल्बा आणि सेलिना साल्वाडोरचे. न्यायाच्या हिशेबातही स्वयंपाकीण बाहेरच राहिली.

ऊकाने एल्बा आणि सेलिनाची आठवण जपली आहे, हेही सांगायला हवं. जिथे प्रेतं पडली होती तिथे एल्बाच्या नवऱ्याने, ओब्दुलियोने, गुलाबाची झाडं लावली. तो तिथे माळी होता. ती बाग आजही विद्यापीठाच्या आठवणींचं केंद्र आहे. म्हणजे साक्ष सफाईवालीने दिली आणि स्मारक माळ्याने उभारलं. या विद्यापीठाचा इतिहास फक्त प्राध्यापकांच्या तोंडून ऐकायचा ठरवला असता तर नेमकी ती रात्रच गाळावी लागली असती.

हरकती

पहिली हरकत मी अनेकदा ऐकली आहे: वाढदिवसाला कुणी पोस्टमॉर्टेम करतं का? संस्था उभी करायला लोकांनी आयुष्य घातलं, त्यांचा मान ठेवा. मान ठेवू. पण जॉर्जटाउनचं नाव खराब कशामुळे झालं? करन यांच्या निबंधामुळे नाही. निबंध वाचूनही तीस वर्षं स्वस्थ बसल्यामुळे.

दुसरी हरकत जास्त वजनाची आहे. आठवणी फसव्या असतात; शिपाई काय आणि प्राध्यापक काय, माणूस सोयीचं तेवढं लक्षात ठेवतो. मान्य. म्हणूनच एकाच थरातल्या आठवणी गोळा करणं धोक्याचं. दहा प्राध्यापकांची विस्मृती एकाच जागी पडते. खालच्या मजल्यावरच्या माणसाची वेगळ्या जागी पडते. दोन्ही समोरासमोर ठेवल्या आणि बाजूला हजेरीपट, पगारपत्रकं, कमिटीची इतिवृत्तं ठेवली, की कुठे भोक आहे ते दिसतं.

तिसरी हरकत: बोलणाऱ्यालाच त्रास झाला तर? ही खरी भीती आहे आणि तिचंही उदाहरण एका कॅथलिक विद्यापीठातच आहे. बॉस्टन कॉलेजने २००१ पासून उत्तर आयर्लंडच्या संघर्षात लढलेल्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. तुम्ही जिवंत आहात तोवर हे बाहेर जाणार नाही, असं त्यांना सांगितलं होतं. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या वतीने अमेरिकन न्यायालयाकडून समन्स आलं, आणि विद्यापीठाला काही टेप द्याव्या लागल्या. दिलेला शब्द कायद्यापुढे टिकला नाही. यातून आठवणी नोंदवूच नका, असा निष्कर्ष मी काढत नाही. जे पाळता येणार नाही ते वचन देऊ नका, हा निष्कर्ष काढतो. बोलणाऱ्याला आधी सांगा की हे कुठे जाईल, कोण ऐकेल, आणि नको असेल तर नाव कसं झाकता येईल.

आपल्या अंगणात

महाराष्ट्रात जेझुइटांचा शिक्षणाशी संबंध जुना आहे. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ चं. तिथे फादर हेरास यांनी १९२६ मध्ये भारतीय इतिहासाच्या संशोधनासाठी संस्था काढली. मुंबई, वसई, पुणे, गोवा, कुठेही विचारा, ख्रिस्ती संस्थांत शिकलेला माणूस प्रत्येक घरात नाहीतर शेजारच्या घरात सापडेल. तेव्हा हा प्रश्न फक्त वॉशिंग्टनचा नाही.

मी विद्यार्थी असताना एका ख्रिस्ती संस्थेच्या कॉलेजच्या महोत्सवी स्मरणिकेत काम केलं. नाव सांगत नाही. नावापेक्षा पद्धत महत्त्वाची आहे आणि ती सगळीकडे सारखीच आहे. रसायनशास्त्राच्या लॅबमधल्या मामांची मुलाखत आम्ही दोघांनी फोनवर रेकॉर्ड केली. मामांची तिथे तीस वर्षांहून जास्त नोकरी. ते दीड तास बोलले. पर्मनंट व्हायला अकरा वर्षं कशी लागली, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या संपात कोण सोबत उभं राहिलं आणि कोण दुसऱ्या दारातून आत गेलं, स्टाफरूममध्ये शिपायांचे कप वेगळे का असायचे आणि ते वेगळेपण कुठल्या सरांनी मोडलं. हे शेवटचं ऐकून त्या सरांबद्दल जो आदर वाटला, तो त्यांच्यावरच्या तीन गौरवलेखांनी वाटला नव्हता. कमिटीने मुलाखत परत केली. ‘सूर जमत नाही.’ छापला तो कर्मचाऱ्यांचा एक ग्रुप फोटो. खाली नावं नव्हती.

वेगळे कप म्हटल्यावर जात आलीच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. धर्म बदलला म्हणजे जात संपली, असं कायदा धरून चालतो. ती खरंच संपली का, हे कॅथलिक कॉलेजांइतकं नीट कोण सांगू शकेल? तिथल्या प्राध्यापकांना हा प्रश्न कॅमेऱ्यासमोर कुणी विचारला आहे का? ‘आमच्याकडे तसलं काही नव्हतं’ हे उत्तर आलं, तर ते वर्गाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्यांकडून तपासून घेतलं आहे का?

आणि प्राध्यापक म्हणजे तरी कोण? आज कित्येक कॉलेजांत तासिका तत्त्वावरची माणसं शिकवतात. तासाप्रमाणे पैसे, सुट्टीत शून्य, पुढच्या वर्षी असू की नाही याची खात्री नाही. पन्नास वर्षांनी निघणाऱ्या स्मरणिकेत यांचा लेख असेल? त्यांना निरोपसमारंभच होत नाही, मग आठवण कोण मागणार?

म्हणून हे काम संस्थेवर सोडू नका. संस्था तिच्या सोयीने करेल. तुमच्या खिशात रेकॉर्डर आहे. शिकवणारे सर, मॅडम, फादर, सिस्टर यांच्याकडे जा आणि चहाच्या चवीनंतर चार प्रश्न विचारा. तुमच्या काळात कुणाला काढून टाकलं? कुणाला आत घेतलं नाही? कुठल्या गोष्टीबद्दल सगळे गप्प होते? आणि तेव्हा तुम्ही काय केलंत? मग तेच चार प्रश्न ऑफिसातल्या काकांना, लायब्ररीतल्या ताईंना, मेसमधल्या मावशींना, गेटवरच्या वॉचमनना विचारा. परवानगी घ्या, तारीख नोंदवा, फाइलला नीट नाव द्या, एक प्रत त्या माणसाच्या घरच्यांना पाठवा. संस्थेच्या सर्व्हरवर एकच प्रत ठेवू नका.

चांगला प्राध्यापक या प्रश्नांनी दुखावत नाही. माझा अनुभव उलट आहे. वर्षानुवर्षं कुणीतरी विचारावं म्हणून थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. गौरवलेखात मावत नाही असं त्यांच्याकडे पुष्कळ असतं.